इराण्याचा ज्यूकबॉक्स आणि हरवलेली घुंगरं

५ जानेवारी, रविवार

ज्यूकबॉक्स आला. चार हमाल, पाचवा मी, आणि जिन्यावर उभं राहून सूचना करणारे पंधरा. पहिल्या मजल्यावर चढवायला पाऊण तास लागला. नाक्यावरचं इराण्याचं हॉटेल बंद होऊन जमाना झाला, पण हा त्यांच्या गोदामात तसाच पडून होता. आता शेठच्या मुलीला गोदाम रिकामं करायचंय. म्हणाली, काका, दर दिवाळीला विचारता, न्या एकदाचा.

मंदा दारात कमरेवर हात ठेवून. "आता ह्या धूड खंय ठेवूचा?"

कपाट गॅलरीत गेलं, हा कपाटाच्या जागी. भोईवाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आता आम्ही तिघं.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं. पाडव्याला वाजवायचा. मंदाला अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

नवी वही घातली. गिरणीत साचेखात्यात जॉबर होतो, बिघडलेले साचे चालू करणारा, तेव्हा अशीच ठेवायचो. कुठला साचा का थांबला, काय केलं, परत कापड कधी विणायला लागला. बिघाड, उपाय, फरक. गिरणी गेली, सवय गेली नाही. कुकर बिघडला तरी लिहितो.

मागचं दार उघडलं. आत मेलेली पाल, एक शर्टाचं बटण, जाळी. रेकॉर्डी उभ्या रांगेत, बहुतेक वाकलेल्या. पण आपलं गाणं जागेवर आहे. लेबल वाळवीने खाल्लंय, रेकॉर्ड सरळ. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मंदाला घेऊन गेलो होतो. कुडाळहून नुकतीच आलेली, हॉटेलात कधी बसलेली नव्हती. फॅमिली रूमचा पडदा. मी बाहेर जाऊन चार आणे टाकले, बटण दाबून परत येऊन बसलो. ते गाणं सुरू होतं तेव्हा आधी नुसती घुंगरं. बाई गायच्या आधी. तीन वेळा वाजतात, थांबतात, परत. मंदाने वाकून टेबलाखाली बघितलं, कोण नाचतंय. आठ तास साच्यांच्या खडखडाटात उभा राहून आलेला मी, आणि इतका बारीक आवाज. ती घुंगरं मला परत ऐकायचीत. तिच्याशेजारी बसून. एवढंच आहे सगळं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या सावंतवहिनी तिळगूळ घेऊन आल्या, ज्यूकबॉक्सवर पण एक लाडू ठेवून गेल्या. मुंग्या.

बिघाड: ग्रीस दगड झालंय. उपाय: घासलेट, जुना दातांचा ब्रश, धीर.

यंत्र बघून हसू आलं. अमेरिकेचं असलं तरी आपल्या साच्याचा लांबचा चुलतभाऊ. तेच कॅम, तेच टॅपिट. तिथे धोटा इकडून तिकडे जायचा, इथे एक हात रेकॉर्ड उचलून चकतीवर ठेवतो. कोणी शिकवायची गरज नाही.

बबन परब आला होता. समोरच्या चाळीत राहतो, चाळीस वर्षांचा सोबती, माझ्या लाइनीतलाच साचेवाला. बबन्याला ठार ऐकू येत नाही. ऐकण्याचं नाटक मात्र झकास करतो. साचेखात्यात राहिलेल्या सगळ्यांचं हेच झालं. मी वाचलो. आमच्या घराण्यात कान चांगले आहेत.

संध्याकाळी गॅलरीतून त्याच्याशी बोललो. मधे अख्खा चौक, पोरांचं क्रिकेट. पण आम्हाला ओरडावं लागत नाही. साच्यांच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून सगळे ओठांवरून बोलायचो. ती विद्या अजून आहे. त्याने तिकडून विचारलं, मासळी काय आणलीस. मी म्हटलं, संक्रांत आहे, लाज बाळग.

२६ जानेवारी

हात हलला. कुईं करून अर्ध्यावर थांबला, पण हलला. रबरी चाक कडक झालंय, बेकरीतल्या जुन्या बटरसारखं. वै. म्हणाली नेटवर मिळेल. वै. म्हणजे वैशाली, आमची एकुलती एक. अँटॉप हिलला राहते, जावई सरकारी नोकरीत. चाकाचं हे फोनवर बोलली. मला फोनवरचं कळत नाही, हल्लीची मुलं फोनवर पुटपुटतात. मंदाने ऐकून मला सांगितलं.

२ फेब्रुवारी

नाण्याची भानगड काढून टाकली. आता नुसतं बटण दाबायचं. 'ड' आणि 'पाच' दाबलं. रांग फिरली, थांबली, हाताने आपली रेकॉर्ड उचलली, आडवी केली, ठेवली. आवाज नाही, अँप्लिफायर मेलेलाच आहे. पण ते बघायला मिळालं. मंदा लसूण सोलत होती. उठून समोर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बाळाक झोपवल्यासारख्या ठेवता."

हिची ही एक पद्धत चांगली. बोलायचं असलं की हातातलं काम टाकते, समोर येते, मग बोलते. ओट्याकडून ओरडणं नाही. सावंतवहिनी दिवसभर आतून ओरडत असतात.

१६ फेब्रुवारी

लॅमिंग्टन रोडचे सलीमभाई अँप्लिफायर दुरुस्त करून घेऊन आले. स्वतः बसवला. पंचावन्नचे असतील, जुन्या व्हॉल्व्हच्या मशिनींवरचा शेवटचा माणूस. गाणं लावलं.

आलं. बाईचा आवाज आला, ढोलक आला. अंगावर काटा.

घुंगरं नाहीत.

परत लावलं. सुई टेकते, मग गप्प, गप्प, मग एकदम बाई. म्हटलं, सलीमभाई, पहले का बाजा किधर गया? ते माझ्याकडे बघत राहिले. "है ना चाचा. काँच जैसा साफ है." जाताना ट्रेबलच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, बटणावर लाल ठिपका दिला, इसके आगे मत ले जाना म्हणाले. माणूस चांगला वाटला होता.

२० फेब्रुवारी

बिघाड: आवाज बसका, वरचे सूर नाहीत. उपाय: नवी सुई. फरक नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बबन्याला बोलावलं. दुसरं मत घ्यावं. कान नसले तरी अंदाज आहे त्याला. दोघं स्पीकरला टेकून बसलो. त्याने डोळे मिटले, मान हलवली, अगदी दर्दी. मग म्हणाला, "बसलाय रे दत्या. जीव नाय. वरचा सगळा गेलाय." मी म्हटलं, हेच तर मी सांगतोय. ट्रेबल लाल ठिपक्याच्या पुढे नेला. त्याच्या पुढे. पार टोकाला. बबन्या म्हणाला, आता जरा बरं.

मंदा धावत समोर आली, दोन्ही कानांवर हात. बायकांना मोठा आवाज सोसत नाही.

१ मार्च

मंदा देवळात गेली. डाळ लावून गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणाली. मी कुकरसमोरच बसलो होतो, रबरी चाक घासत. एकही शिट्टी नाही. डाळीचा कोळसा.

बिघाड: कुकरची शिट्टी. उपाय: नवी आणली. दुकानदार म्हणाला जुनी चांगली आहे. ह्यांना विकायचं पण नसतं.

९ मार्च, रविवार

चोरबाजार पालथा घातला, त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड मिळाली. वै. बरोबर होती. घरी येऊन लावली.

फरक नाही.

मी जरा जास्तच बोललो. सलीमभाईला, अमेरिकेला, शेठच्या मुलीला. वै. काहीतरी म्हणाली, मंदाने तिला डोळ्यांनी दाबलं. मग मंदा समोर येऊन म्हणाली, जेवून घ्या.

मास्कच्या काळात असाच चिडचिडा झालो होतो. सगळं जग तेव्हा पुटपुटायला लागलं होतं.

१३ मार्च

होळी. पुरणपोळी. सलीमभाईंना परत बोलावलं. सगळं तपासलं, त्यांचं ते काट्याचं मीटर लावलं. काटा घुंगरांच्या वेळी हलतो. डोळ्यांनी बघितलं मी. "देखो चाचा, बज रहा है." बटण परत लाल ठिपक्यावर आणलं. पैसे घेतले नाहीत. जाताना मंदाशी दारात दोन मिनिटं बोलले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, काय बोलले कळलं नाही.

काटा हलतो आणि आवाज येत नाही. म्हणजे स्पीकर.

२४ मार्च

स्पीकर बदलला. फरक नाही.

पाडव्याला सहा दिवस. वाजवणार. ट्रेबल टोकाला नेऊन वाजवणार, मग बघू.

३० मार्च, रविवार, पाडवा

हे नीट लिहून ठेवतो.

गुढी उभारली. दुपारी माणसं आली. वै. आणि जावई, सावंत नवराबायको, बबन्या. श्रीखंड झालं. मी चार शब्द बोललो, पन्नास वर्षांपूर्वीचं, टेबलाखाली वाकल्याचं. सगळे हसले, मंदा लाजली. मग बटण दाबलं. ट्रेबल टोकाला.

सावंतवहिनींनी दात आवळले. जावयाचा हात कानाकडे गेला आणि खाली आला. गॅलरीतून कावळे उडाले. मी मात्र वाट बघत होतो. गप्प, गप्प, मग बाई.

तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या दाराशी, मंदा आणि वै. उभ्या होत्या. वै. बटणाकडे यायला निघाली. मंदाने तिचा दंड धरला आणि अगदी हळू, तिच्या कानाशी म्हणाली:

"तेंका ऐकाक येना नाय. तू गप रव."

मी तिथून बारा फुटांवर. ज्यूकबॉक्स बोंबलत होता. शेजारी उभ्या असलेल्या जावयाला ते ऐकू गेलं नाही. मला अक्षर न् अक्षर कळलं.

आणि मग कळलं की कसं कळलं.

बटण लाल ठिपक्यावर आणून ठेवलं. गाणं संपेपर्यंत उभा राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बबन्याने पण वाजवल्या.

३१ मार्च

सकाळी डोळे मिटून बसलो. पंख्याची घरघर आली. खाली ट्रक गेला, तो आला. मंदा भांडी लावत होती, तिचा आवाज नाही. डोळे उघडले तर हातात स्टीलचं ताट, मांडणीत ठेवतेय. परत मिटले. ताट गेलं.

मग तिला म्हटलं, काहीतरी बोल. डोळे मिटूनच. थोड्या वेळाने उघडले. ती समोर उभी होती, तोंडावर हात. बोलून झालं होतं.

बिघाड सापडला. साच्यात नाही. जॉबरात.

तीन महिने त्या बिचाऱ्या यंत्राची आतडी काढली.

१ एप्रिल

विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाली, मास्क होते तेव्हा नक्की झालं. त्याच्या आधीपासून अंदाज होता. किती आधी? खांदे उडवले. समोर येऊन बोलायची सवय कधी लागली तिलाच आठवत नाही.

सांगितलं का नाहीस, म्हटलं. जरा चढ्या आवाजात. निदान मला तसं वाटलं.

ती बसली. "खयचो घोव बायलेच्या तोंडाकडे बघून ऐकता? तुमी ऐकतास. मगे मी कित्याक सांगू?"

गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर बबन्या. ओठांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. त्याला सांगायचं धाडस झालं नाही. त्याला सांगायचं म्हणजे त्याचं पण सांगायचं.

५ एप्रिल

एक विचार जात नाही. मंदाचा आवाज मला रोज ऐकू येतो. जरा खरखरीत, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. आत्ता पण येतोय, ती दूधवाल्याशी बोलतेय. पण तो येतो कुठून? ओठ तिचे, आवाज मी घालतो. माझ्याजवळचा, जुना. कधीचा, कोण जाणे. तिशीतला असेल. सत्तरीच्या बाईला मी तिशीचा आवाज लावून ठेवलाय आणि मला पत्ता नाही.

१० एप्रिल

वै. इस्पितळात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला वाट्या. आवाज आला की बटण दाबा. मी शहाण्यासारखा वाट बघत बसलो. मग तपासणाऱ्या मुलीने तोंडापुढे कागद धरला आणि बोलायला लागली. कागद काही बोलत नव्हता.

कानांचा आलेख दिला. कागदाच्या डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरा आहे, मग रेघ परळच्या पुलाच्या उतारासारखी खाली. उताराच्या पायथ्याशी घुंगरं, शिट्ट्या, ताटं, आणि बायकांच्या बोलण्यातला अर्धाअधिक भाग. विचारलं, गिरणीत होतात का? आलेख बघूनच ओळखलं तिने.

कानाचं यंत्र मिळेल. आठवडाभर वापरून बघा म्हणाली, सगळं पहिल्यासारखं होणार नाही. काही जणांना नवे आवाज सोसत नाहीत, काढून ठेवतात.

१३ एप्रिल, रविवार

सलीमभाईंना फोन लावला, म्हणजे मंदाने लावला, मी बोललो. माफी मागितली. ते काय म्हणाले विचारलं तर मंदा म्हणाली, हसत होते, त्यांच्या वडिलांचं पण असंच होतं म्हणाले.

संध्याकाळी गाणं लावलं. लाल ठिपक्यावर. मी स्पीकरकडे कान नाही लावला, मंदाकडे तोंड करून बसलो. ती पलंगावर वालाच्या शेंगा सोलत होती. सुई टेकली. माझ्यासाठी गप्प.

मंदाने सूप बाजूला ठेवलं, वाकली आणि पलंगाखाली बघितलं. कपड्यांची बोचकी सोडून तिथे काही नाही. परत वाकली. आणि परत. तीन वेळा.

मग बाई गायला लागली.

घुंगरं नक्की कुठे आहेत ते आता मला माहीत आहे. बिघाड: काही नाही.

१६ एप्रिल

बबन्याला सांगितलं. समोर जाऊन, त्याच्या घरात. माझं माझ्यापुरतं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. म्हणाला, वाईट झालं रे दत्या. तरी मला वाटायचंच. मग म्हणाला, माझं नशीब चांगलं.

त्याच्या बायकोकडे बघितलं. ती समोर येऊन चहा घेणार का विचारत होती. समोर येऊन.

१८ एप्रिल

यंत्र आलं. वालाच्या दाण्याएवढं, दोन. वै. लावून देते म्हणाली, मी नको म्हटलं. डबीत ठेवलं, डबी ज्यूकबॉक्सवर. आज नाही.

मंदाने दिवसातून दोनदा डबीवरची धूळ पुसली, ज्यूकबॉक्स एकदाच.

२० एप्रिल, रविवार

खरं लिहायचं तर घाबरलोय. घुंगरांना नाही. ती ऐकू आली तर आली, नाही तर मंदा आहेच वाकायला. भीती वेगळीच आहे. तो जुना आवाज जाईल. इतकी वर्षं सांभाळला, न कळता. यंत्र लावलं की खरा येईल आणि त्याच्यावर बसेल. समजा मला तो ओळखताच आला नाही. पन्नास वर्षांच्या बायकोचा.

हे तिला सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही. माका पण म्हाईत नाय माझो आवाज कसो झालो, म्हणाली. मी खंय ऐकतंय.

२१ एप्रिल

सकाळी लावलं. आधी नुसता गोंगाट, साचेखात्याचं दार उघडल्यासारखा. कावळा किती कर्कश असतो विसरलो होतो. नळ. माझ्याच लेंग्याची सळसळ. वाटलं काढून फेकावं. हाताने पलंगाची कड धरून बसलो.

मंदा मोरीतून हात पुसत आली, नेहमीसारखी समोर उभी राहायला. तोंड उघडायच्या आत मी हात वर केला. आवाजानं नाही, साचेखात्यातल्यासारखं ओठांनीच म्हटलं, थांब. समोर नको. माझ्या मागे उभी राहा आणि बोल.

"काय बोलू?" तिने पण आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं. ही विद्या तिला येते हे मला माहीत नव्हतं.

काहीही, म्हटलं.

ती वळसा घालून मागे गेली. मी ज्यूकबॉक्सकडे तोंड केलं. काचेत ती दिसायला लागली, म्हणून डोळे मिटले. पावलं ऐकू आली, तिची, अनवाणी. मग थांबली. श्वास घेतलेला ऐकू आला.